धोट्यांचं पोतं

कोन, ९ फेब्रुवारी

भाविक,

‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ मुद्दाम गाळले आहेत. सवयीने हातून लिहिले गेले होते, तो कागद फाडला आणि नवा घेतला.

कागदावर लिहितेय, कारण नोमानच्या वकील विनिताबाईंनी ताकीदच दिली आहे की मोबाइलवर काही लिहायचं नाही. गल्लीच्या ग्रुपवर ‘उद्यापासून बंद, संध्याकाळी सगळ्यांनी या’ असं कुणीतरी टाकलं होतं, तेसुद्धा आता म्हणे कटाचा पुरावा झालंय. आणि तसंही तुला मोबाइलवर लिहून काय होतं? वाचल्याची निळी खूण येते, उत्तर येत नाही. गणपतीत तुझ्या या कटाच्या कायद्याच्या विधेयकावरून आपली जुंपली आणि तू पानावरून उठून गेलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकला तो थेट परवा, टीव्हीवर.

काय रुबाबदार दिसत होतास! काळा कोट, खाली पट्टीवर ‘मसुदा समितीचे सदस्य’. मी शेजारच्या मैनाला हाका मारून बोलावलं, म्हटलं, बघ माझा भाचरा. आणि ती दारात येते न येते तोच तू म्हणालास, ‘भिवंडीतलं ताजं उदाहरण घ्या. बंदच्या आडून कट शिजत होता. एका तरुणाच्या पोत्यात दोनशे टोकदार हत्यारं सापडली. आजच्या कायद्यात असा माणूस आरामात जामिनावर सुटतो. म्हणून कटाची शिक्षा वाढवायला हवी. गुन्हा घडो न घडो, ठरवलं एवढ्यावर किमान दहा वर्षं.’

मैना माझ्याकडे बघत म्हणाली, “आते, धोटं कवापासून हत्यार झाला गो?” मला बाई बसल्या जागी शरमेनं मेल्यासारखं झालं.

एका तरुणाच्या म्हणे. त्या तरुणाला नाव नाही? नोमान. माझ्या गाळ्यात तुझ्या जन्माआधीपासून माग चालवणाऱ्या फखरूभायचा नोमान. तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे राहायला आलास, तेव्हा शाळेतून येऊन दप्तर फेकायचास आणि सरळ त्याच्या आईच्या, माजिदाभाभीच्या चुलीपाशी जाऊन बसायचास. नोमानला सायकल तूच शिकवलीस. तो पडला तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त तू रडलास.

धोटा काय असतो ते तुला सांगायची गरज नाही. पण टीव्हीवर तुझा विसर पडलेला दिसला, म्हणून लिहिते. हातभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, पोटात सुताची कांडी. तो मागात इकडून तिकडे धावतो तेव्हा कापड होतं. सूत महागलं आणि कापडाला भाव राहिला नाही की भिवंडीचे मागवाले मिळून बंद ठेवतात, म्हणजे व्यापारी बोलायला येतो. पण मागवाल्याचा मागवाल्यावर भरवसा कधी होता? आतून कडी लावून चोरून माग चालवणारा एक तरी निघतोच. म्हणून बंद ठरला की प्रत्येकाने आपल्या मागांचे धोटे काढून द्यायचे आणि ज्याचा स्वतःचा एकही माग नाही अशाच्या घरी ते पोत्यात ठेवायचे. माझे भाड्याने दिलेले गाळे आहेत, माग नाही. म्हणून माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून ते पोतं आमच्या ओटीवर येतं. नवा धोटा बाजारात मिळतो, हे न कळायला कुणी दूधखुळं नाही. पण धोटा दिला म्हणजे शब्द दिला. तो मोडणाऱ्याला गल्लीत कुणी चहा विचारत नाही.

तेच पोतं स्कूटरवर पायाशी ठेवून नोमान माझ्याकडे कोनला येत होता. त्याच दुपारी कुणा नालायकांनी एका सूतव्यापाऱ्याच्या गोदामाला आग लावायचा प्रयत्न केला. कल्याण रस्त्यावर पोलीस उभे राहिले, नोमानला अडवलं, पोतं उघडलं. तेव्हापासून पोरगा आत आहे.

आग लावणाऱ्याला पकडा ना. त्याला दहा काय, वीस वर्षं द्या, मी टाळ्या वाजवीन. पण तो मिळाला नाही म्हणून जो हाताला लागला त्याला धरायचं, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

माझं मागणं एवढंच आहे. ज्या तोंडाने हत्यारं म्हणालास, त्याच तोंडाने धोटे म्हण. नोमानचा जामीन मार्चच्या सुरुवातीला आहे, त्याच्या आत म्हण.

— आत्या


कोन, १७ फेब्रुवारी

भाविक,

पत्राला उत्तर म्हणून तू बोलून पाठवलेला निरोप मिळाला. दोनदा ऐकला. ‘आत्या, नवा कायदा मागच्या प्रकरणाला लागत नाही. नोमानला त्याचा काही त्रास नाही. मी पोलिसांनी जे जाहीर केलं त्यावरून उदाहरण दिलं. तू या भानगडीत पडू नकोस आणि तब्येतीला जप.’

तब्येत उत्तम आहे. रागाने भूक वाढली आहे उलट.

कायदा मागच्याला लागत नाही, हे मला विनिताबाईंनी आधीच समजावलं होतं. पण पोरगा तर पुढच्या कायद्याला लागला ना? त्याच्या नावावर तू तुझा कायदा विकतोयस. टीव्हीवर त्याचं पोतं, पेपरात त्याचं पोतं. त्याच्यावर अजून खटला उभा राहिला नाही आणि तुम्ही त्याला उदाहरण करून मोकळे झालात. उद्या न्यायाधीशाने जामीन दिला तर तुम्हीच ओरडणार, बघा, सुटला! नोमानशी लग्न ठरलेल्या जोहाच्या घरच्यांनी टीव्ही बघूनच निकाह पुढे ढकलला. ‘पुढे’ म्हणजे कधी, ते सांगितलं नाही. पोरीने स्वतः फखरूभायला फोन करून सांगितलं की मी थांबणार आहे, पण बापाचं घर आहे, किती दिवस थांबू देतील?

फखरूभाय परवा येऊन बसले होते. बंद कधीच मिटला, बाकीच्यांनी नवे धोटे आणून माग सुरू केले, यांच्या गाळ्याला कुलूप. मी म्हटलं, निदान दोन माग तरी चालवा, मन लागेल.

“कसा चालवू कमळाबाय? शटल पोलिसात जमा हाय,” असं म्हणून हसले आणि मग डोळे पुसायला लागले. “मी त्या साहेबाला लाख वेळा बोललो, हा लूमचा शटल हाय, बघा, लाकूड हाय. तो माझ्यावर हसला. बोलतो, चाचा, लूम तो बंद है, फिर शटल लेके किधर जा रहा था?”

काय उत्तर द्यायचं याला, सांग. माग बंद होते म्हणूनच तर धोटे बाहेर होते. चालू असते तर मागात असते. इथल्या शेंबड्या पोराला कळतं हे, आणि शिकलेल्या माणसांच्या समितीत एकाला कळत नाही असं मी कसं मानू? त्या समितीत तू बसला आहेस.

तू अकरावीत होतास तेव्हाचा बंद आठवतो? पोतं हातगाडीवरून आलं होतं. ढकलत होते फखरूभाय, आणि वर पोत्यावर तू बसला होतास, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा. माझ्या ओटीवर तूच ते ओढून ठेवलंस आणि वर बसून आंबील प्यायलास. विनिताबाईंनी तुझ्या विधेयकाची मराठी प्रत मला वाचायला दिली आहे. मी जुनी मॅट्रिक आहे, वाचता येतं. ‘कटासाठी वापरायच्या वस्तू जवळ बाळगणारा, वाहून नेणारा किंवा ठेवून घेणारा’, तिघांना सारखीच शिक्षा. त्यात वाहून नेणारा तू आणि ठेवून घेणारी मी. तेव्हा तुझा कायदा असता तर तुझी बारावी तुरुंगात झाली असती आणि काळा कोट दुसऱ्या कुणी घातला असता.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. हिरामणदादाने मला शपथ घातली होती, तुझ्या कानावर घालू नकोस म्हणून. पण तुझे वडील असले तरी माझे भाऊ आहेत, आणि त्यांच्या शपथा मी लहानपणापासून मोडत आले आहे. नोमानला धरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस स्टेशनला जाऊन जबाब दिला. पोतं माझ्याकडे येत होतं, नेहमी येतं, त्यात धोटे असतात, असं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. घरी येऊन दादाला अंबाडीला फोन केला, वाटलं शाबासकी देतील. तर म्हणाले, “कमळे, तुला कुणी सांगितला ह्यो शानपणा? पोराचा आता कुठं नाव झालाय. त्याला पुढं सरकारी वकील व्हायचा हाय. तू गप र्‍हा.”

तर मी गप राहणार नाही, हे तुलाही कळावं. माझा जबाब कागदावर आहे. जामिनाच्या दिवशी तो न्यायाधीशापुढे येईल. तू बोललास तर आणखी बरं, नाही बोललास तरी नोमान सुटेल.

— आत्या


कोन, २६ फेब्रुवारी

भाविक,

काल ठाण्याला आपली गाठ पडली. गाठ पडली म्हणायचं का, ठाऊक नाही. मी खाली, तू वर.

तुमच्या समितीने लोकांच्या सूचना ऐकायला सभा बोलावली आहे असं पेपरात होतं, म्हणून मैनाला घेऊन आले. पिशवीत गाळ्यात पडून राहिलेला एक जुना, झिजका धोटा घेतला होता. म्हटलं, बोलून पटत नाही तर टेबलावर ठेवावा, साहेबलोकांनी हात लावून बघावा. दारातल्या शिपायाने पिशवी यंत्रातून घातली आणि धोटा बाहेर काढला. “आजी, टोकदार वस्तू आत नेता येत नाही.” मी म्हटलं, बाबा, हाच तर आतला विषय आहे! तो म्हणाला, “जाताना घेऊन जा.” मैना एवढी हसली की लोक बघायला लागले. मलाही हसू आलं असतं, पण मनात म्हटलं, आणखी एक सापडला यांना, आता दोनशे एक म्हणतील.

माझं नाव पुकारलं तेव्हा तू कागदात डोकं घातलंस. एकदा बघितलं असतंस तर काय बिघडत होतं? मी हात जोडून उभी होते. तुझ्याकडे बोट दाखवून ‘हा माझा’ असं काही म्हणणार नव्हते. मला तेवढी रीत कळते.

मी सरळ विचारलं. आमच्याकडे चार माणसं जमून ठरवतात तेव्हाच काहीतरी होतं. गटार साफ होत नाही, ठरवून मोर्चा नेतो. सूत महागतं, ठरवून बंद ठेवतो. तुमच्या कायद्यात ठरवणं हाच गुन्हा, काही घडलं नाही तरी. मग चांगलं ठरवलं की वाईट, हे कोण ठरवणार? नाक्यावरचा हवालदार? आणि तोवर पोरगा आत कुजणार? गेल्या महिन्यात आमच्या भिवंडीत धोट्यांचं पोतं…

तिथवर आले आणि तू माइक ओढलास. ‘हे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यावर इथे बोलता येणार नाही. पुढचे.’

न्यायप्रविष्ट! टीव्हीवर बोलताना ते न्यायप्रविष्ट नव्हतं? तू बोललास की उदाहरण, आणि मी बोलले की नियमाबाहेर? माझ्या आयुष्यात मला ‘पुढचे’ म्हणणारे खूप भेटले. दवाखान्यात भेटले, रेशनच्या दुकानात भेटले. पण ज्याचं नाक मी पदराने पुसलं, त्याने म्हणावं! तशीच तरातरा बाहेर पडले. मैनासुद्धा घाबरली.

धोटा परत मागायचा राहिला. तो फखरूभायचा होता, आता त्यांना काय सांगू?

— आत्या


कोन, ५ मार्च

भाविक,

हे पत्र जरा लांबेल, आणि यानंतर तुला लिहायचं कारण मला राहणार नाही.

परवा विनिताबाईंना पोलिसांनी कोर्टात दिलेले कागद मिळाले. त्यांनी रात्री मला फोन केला, “कमळाताई, तुम्ही जबाब दिला होता ना नक्की?” मी म्हटलं, दिला, सही केली. म्हणाल्या, “यात नाही.” व्यापाऱ्याच्या माणसाचा जबाब आहे, नाक्यावरच्या पानवाल्याचा आहे. माझा नाही.

मी काल सकाळी पोलीस स्टेशन गाठलं. भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण त्या अधिकाऱ्याने मला बघताच उठून खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. मला वाटलं, देवाने याला बुद्धी दिली. खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, “मावशी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. तुमचं नाव कुठेच येणार नाही. जबाब आम्ही बाजूला काढलाय. भाविकसाहेबांचा त्याच संध्याकाळी फोन आला होता ना.”

मी विचारलं, काय म्हणाले साहेब?

“म्हणाले, आमची आत्या आहे. बंदमध्ये धोटे घरी ठेवायची त्यांच्याकडे जुनी रीत आहे, लाकडी धोटे असतात, त्यात काही नसतं. बाईंना यात ओढू नका. आम्ही म्हटलं, साहेबांच्या घरचं माणूस, कशाला ओढतो?” त्याला वाटलं, मी आता आभार मानीन.

चहा तसाच ठेवून उठले.

त्याच संध्याकाळी. म्हणजे टीव्हीवर बसण्याच्या आधी. दोनशे हत्यारं म्हणण्याच्या आधी. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, पोर मुंबईला जाऊन विसरलं असेल. ठाण्याला तू खाली बघितलंस तेव्हा वाटलं, लाजलं असेल. मी तुझ्यासाठी सबबी शोधत होते, भाविक. तू विसरला नव्हतास. तुला धोटा नीट आठवत होता. पोलिसाला समजावण्याइतका नीट आठवत होता. माझ्यासाठी तो लाकडाचा होता आणि नोमानसाठी तू त्याचं हत्यार केलंस. पोतं एकच होतं रे!

घरी आले तर तुझे वडील ओटीवर बसलेले. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. मी काही विचारायच्या आधी म्हणाले, “हा, मीच केलता फोन भाविकला. माझी भयीन कोठडीत बसलेली बघायची व्हती का मी?”

मी म्हटलं, दादा, मग त्याच फोनात नोमानचं एक वाक्य बोलायला काय पैसे पडत होते?

“तो काय आपला हाय?” म्हणाले.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी आजवर सासवांच्या तोंडी ऐकलं होतं. माझ्या भावाच्या तोंडी ऐकायचं राहिलं होतं. दादाला मी जेवायला वाढलं. ते जेवले आणि वाड्याच्या बसने अंबाडीला गेले. जाताना म्हणाले, “पोराचा नाव घालवू नको, कमळे.” माझ्या भावाचा मला रागही येतो आणि कीवही. त्यांना खरंच वाटतं की त्यांनी मला वाचवलं.

तुलाही तसंच वाटत असेल. वाचवलंस, कबूल. कोठडीतून वाचवलंस. पण मी कधी म्हटलं होतं मला वाचव? मी स्वतःच्या पायाने गेले होते, स्वतःच्या हाताने सही केली होती. ती सही तू एका फोनात पुसलीस. तुझ्या विधेयकाचं पहिलं कलम मी पुन्हा काढून वाचलं. ‘दोन किंवा अधिक व्यक्तींनी बेकायदेशीर कृत्य करण्याचे आपसात ठरवणे.’ बापाने लेकाला फोन केला, लेकाने अधिकाऱ्याला केला, आणि तिघांनी मिळून ठरवलं की खरं बोलणारीचा कागद बाजूला ठेवायचा. याला तुझ्या समितीत काय म्हणतात? भिवंडीत कट झाला हे तू बरोबर सांगितलंस. फक्त कुणी केला ते चुकीचं सांगितलंस.

आता नीट वाच. शुक्रवारी नोमानच्या जामिनाची सुनावणी आहे. मी माझा जबाब पुन्हा शपथेवर लिहून दिला आहे. पोतं माझ्याकडे येत होतं, त्यात धोटे होते, त्यासाठी कुणाला आत टाकायचं असेल तर मला टाका. दादा, तुझा फोन, अधिकारी, चहा, पंखा, सगळं त्यात आहे. विनिताबाई म्हणाल्या, ताई, नात्यातला माणूस आहे, नाव घालायचं का? मी म्हटलं, घाला. माझं म्हणणं न्यायाधीश मानतील न मानतील, म्हातारी घरमालकीण भाडेकरूसाठी बोलते असंही म्हणतील. पण ज्याने हा कायदा लिहिला तोच सांगतो की ते धोटे होते, मग कोण नाही म्हणणार?

नोमानचा सगळ्यात पक्का साक्षीदार तू आहेस, भाविक. त्याला पकडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पोलिसांना खरं काय ते सांगितलं आहेस. आता कोर्टात विचारतील. मला वाचवायला जे बोललास, तेच तिथे बोल.

— कमळा आत्या